पाहिलेली घरे आणि पाण्याखालची घरे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा संपादक मंडळाने आमच्याकडे सहलींचे काम सोपवले. "एवढी वर्षं लोकांना बसमध्ये घालून फिरवताय, कुठं कुठं नेलंत आणि काय दाखवलंत ते लिहा," असा निरोप आला. आम्ही म्हणजे सहल समिती. तीत दोन निवृत्त शिक्षक, महिला मंडळाच्या तिघी आणि दरवर्षी बदलणारा एखादा कॉलेजचा पोरगा असतो. लिहिण्याची सवय कोणालाच नाही. तेव्हा उपासक-उपासिकांनी सांभाळून घ्यावे.

आमची तऱ्हा उलटीच आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसे आपल्या मुळशीत येतात, ताम्हिणीच्या धबधब्याखाली भिजतात, तलावाच्या काठाला फोटो काढतात, भजी खातात आणि जातात. आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी पौड-पिरंगुटवरून चांदणी चौक ओलांडून पुण्यात जुनी घरे बघायला जातो! तरुण पोरे दरवर्षी विचारतात, "एकदा तरी पाण्यातल्या खेळांच्या ठिकाणी चला की." एकदा नेलेही होते. जेवण थंड, तिकीट महाग, आणि बायांना बसायला सावली नाही. तेव्हापासून पोरांचा आवाज थोडा खाली आला.

आमची पहिली मोठी सहल गंज पेठेतल्या फुलेवाड्याची. १९९३ साली हा वाडा राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण झाला, त्यानंतर लवकरच आम्ही गेलो. वाडा म्हटल्यावर आमच्या बायांच्या डोळ्यासमोर शनिवारवाड्याचा दरवाजा होता, खिळे ठोकलेला, हत्ती आत जाईल असा. गंज पेठेतल्या गल्लीत शिरल्यावर एक मावशी म्हणाल्या, "हाच का? हे तर आपल्यासारखंच घर आहे." अगदी खरे बोलल्या. लाकडी खांब, अंगण, बुटकी दारे, विहीर. राजवाडे बघताना माणूस मान वर करून चालतो. इथे मान वाकवून आत जावे लागते, नाहीतर चौकट डोक्याला लागते.

त्या अंगणातच सगळा इतिहास आहे. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्याच्या जवळजवळ साठ वर्षे आधी. आम्ही ही गोष्ट बसमध्येच सांगून ठेवली होती, पण सांगितलेले वेगळे आणि पाण्याजवळ उभे राहणे वेगळे. आमच्या बरोबर एक म्हातारी होती, तिने लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून कोणी ओततेय का म्हणून वाट पाहिली होती. ती काही बोलली नाही. वाकून आत पाहिले आणि पदराने काठ पुसला, इतकेच.

त्याच अंगणात जोतिरावांची समाधी आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. आपला देह मिठात घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती, पण राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. शेवटी दहन करावे लागले आणि अस्थी घराच्या आवारात ठेवण्यात आल्या. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. ज्या काळात बाई स्मशानाकडे फिरकत नसे, त्या काळातली ही गोष्ट. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

पण त्या सहलीत एक प्रश्न आमच्या गळ्यात पडला तो अजून सुटलेला नाही. १८४९ मध्ये वडिलांच्या घरातून बाहेर पडावे लागले तेव्हा फुले दांपत्याला आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. फातिमा शेख त्यांच्याच घरातल्या. आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "मग ते शेखांचं घर बघायचं का आता?" आम्ही आसपास चार-पाच जणांना विचारले. कोणाला सांगता येईना. एकाने तर उलट आम्हालाच विचारले, कोण शेख? पोरीने वहीत लिहिले: घर सापडले नाही. ती वही अजून समितीच्या पेटीत आहे.

भिडेवाड्याचे तर आमच्या डोळ्यांदेखत झाले. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीच्या समोर, तात्यासाहेब भिड्यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा रस्त्याच्या कडेला उभे राहून, रिक्षांच्या हॉर्नमध्ये ओरडून ओरडून माहिती सांगितली. आत जाता आलेच नाही. खाली दुकाने, वर पडझड, आणि बाहेर न्यायालयातली वर्षानुवर्षांची भांडणे. समोर गणपतीला रांग लागलेली, आणि या बाजूला आम्ही चाळीस माणसे एका मोडक्या सज्जाकडे बोट दाखवत उभे. जाणारे-येणारे आमच्याकडेच बघायचे. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर महापालिकेने जागा ताब्यात घेतली आणि जुना वाडा पाडला. तिथे स्मारक होणार आहे, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण स्मारक नवे असेल, भिंती नव्या असतील. ज्या पायऱ्यांवरून त्या मुली वर गेल्या त्या पायऱ्या आता नाहीत. आम्ही फोटो काढून ठेवले असते तर बरे झाले असते. तीन वेळा जाऊन आमच्याकडे एकच फोटो आहे, आणि त्यातही पुढे पीएमटीची बस आली आहे.

बाबासाहेबांच्या घरांविषयी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. परळची चाळ सोडून बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीत राहायला आले ते 'राजगृहा'त. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव त्यांनी घराला दिले, आणि घर बांधले ते मुळात ग्रंथांसाठी. याच घरात २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना रांगेत उभे राहून खालच्या मजल्यावरच्या वस्तू बघायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. ७ जुलै २०२० रोजी समाजकंटकांनी त्या घराच्या कुंड्या फोडल्या, नासधूस केली. लॉकडाऊन चालू होता म्हणून आम्हाला जाता आले नाही, तेव्हा इथेच विहारात मेणबत्त्या लावल्या.

दिल्लीत ज्या घरी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, ते २६ अलीपूर रोडचे जुने घर आज उभे नाही. त्या जागी २०१८ साली संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराचे मोठे स्मारक झाले. पण त्या घरातल्या वस्तू कुठे आहेत? आपल्या पुण्यात! माईसाहेब आंबेडकरांनी त्या सिंबायोसिसला दिल्या आणि १९९६ साली तिथे संग्रहालय उघडले. पलंग, खुर्ची, भांडी, व्हायोलिन, आणि १९९० साली मरणोत्तर मिळालेले भारतरत्न. आमच्या सगळ्या सहलींत सर्वात जास्त वेळ लागतो तो इथे. फुलेवाड्यात बाया बोलतात, लेण्यांत पोरे ओरडतात, इथे मात्र कोणी बोलत नाही. आम्ही वेळ द्यायचा असे ठरवूनच जातो. आणखी एक गंमत म्हणजे हे संग्रहालय आहे सेनापती बापट रस्त्यावर. बापटांना सेनापती केले ते आपल्या मुळशीने. तो विषय पुढे येतोच.

लंडनचे घर आम्ही पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, पण त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकायला असताना राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेऊन संग्रहालय केले. तर शेजाऱ्यांची तक्रार आली, की बसा भरभरून माणसे येतात, फोटो काढतात, शांतता राहत नाही! तिथल्या कौन्सिलने परवानगी नाकारली. अपील झाले आणि मार्च २०२० मध्ये संग्रहालयाच्या बाजूने निकाल लागला. हे वाचून आमच्या एका सभासदांनी पुढच्या सहलीला सक्त सूचना काढली, की गल्लीत मोठ्याने बोलू नये, केळीची सालं टाकू नयेत. सूचना चांगलीच होती.

आता मुळशीचे. बाबासाहेब लंडनला त्या घरात अभ्यास करत होते, तेव्हाच इथे आपल्या खोऱ्यात काय चालले होते? नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण होणार होते. पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला सोडायचे, तिथे वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांवर संकट आले. भाताची खाचरे, आंबेमोहोराचा तांदूळ, देवळे, घरे, सगळे पाण्याखाली जाणार. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. मावळे बाया-माणसांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट पुढे आले आणि याच लढ्यात लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. विनायकराव भुस्कुटेही पुढारी होते. तीन वर्षे लढा चालला. पुण्यातल्या सावकारांच्या नावावर पुष्कळ जमिनी होत्या, त्यांचे लक्ष भरपाईच्या रकमेकडे गेले आणि कसणारा एकटा पडला. शेवटी बापटांनी रेल्वे अडवली, सात वर्षे तुरुंगात गेले. धरण झालेच. आज अभ्यासक या लढ्याला जगातले धरणाविरुद्धचे पहिले मोठे आंदोलन म्हणतात. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर ग्रंथ लिहिला आहे, तो विहाराच्या वाचनालयात आणावा अशी आमची जुनी मागणी आहे.

पर्यटक त्या तलावाला 'निसर्गरम्य' म्हणतात. रम्य आहेच, कोण नाही म्हणतो? पण आमच्या आजीच्या पिढीला त्या पाण्याकडे बघून वेगळेच दिसायचे. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठाच्या भेगाळलेल्या चिखलात कुठे कुठे दगडांची रचणी दिसते. ते जोते कोणाच्या घराचे, हे सांगणारे आता राहिले नाहीत. आणि एक गोष्ट सभेत विचारायला कोणी धजत नाही, ती इथे लिहून ठेवतो. ज्याची खाचरे होती त्याने भरपाई मागितली. ज्याचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हते, गावकुसाबाहेर चार पत्रे आणि एक चूल होती, त्याने कशाची मागायची? या लढ्याच्या गोष्टी सांगताना मावळे म्हणून आपल्या वाड्यावस्त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. म्हणून आम्ही सहलीला निघताना बस आधी तलावाच्या काठाला थांबवतो. बघण्यासारखे घर तिथे एकही नाही, तरी थांबवतो. पोरे म्हणतात, इथे काय बघायचं? पाणी बघा म्हणतो.

लेण्यांकडे आपण वळलो ते २५ डिसेंबरच्या निमित्ताने. १९५४ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती देहूरोडच्या विहारात बसवली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळपास दोन वर्षे आधी. देहूरोडला वंदना करून आमचे लोक पूर्वी तडक घरी परतायचे. मग कोणीतरी म्हणाले, जवळच शेलारवाडीची लेणी आहेत, ती बघू. तिथल्या शिलालेखाचा अर्थ कळला तेव्हा आम्ही थक्क झालो. ते लेणे राजाने दिलेले नाही, शेठजीने दिलेले नाही. धेनुकाकट इथल्या उसभणक नावाच्या नांगरकऱ्याची बायको सिअगुटणिका, हिने मुलगा नंद याच्यासह ते दान दिले. शेतकरणीने डोंगर कोरून घेतला! दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे लेखन. आमच्या महिला मंडळातल्या भात लावणाऱ्या बायांना हे सांगितले, तर पहिला प्रश्न आला, "तिने पैसे कुठनं साठवले असतील?" इतिहासाच्या प्राध्यापकांनीही हाच प्रश्न आधी विचारावा असे आम्हाला वाटते.

कार्ल्याचे सांगायला नकोच. भारतातले सर्वात मोठे कोरीव चैत्यगृह, आणि छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह म्हणून त्याचा अभिमानाने उल्लेख कोरून ठेवला आहे. पण त्याच भिंतींवर सामी नावाच्या सुताराचे नावही आहे. सातवाहनांच्या आज्ञेत 'मामाल'च्या अमात्याचा उल्लेख येतो, म्हणजे आपला मावळ तेव्हापासून मावळच. एकवीरेच्या दर्शनाला येणाऱ्यांची तिथे फार गर्दी असते. आम्ही सकाळी लवकर जातो, कोणाशी वाद घालत नाही. एकदा एका गाइडने बाहेर उभे राहून "ही पांडवांनी एका रात्रीत केली" असे जोरात सांगितले. आमच्या निवृत्त गुरुजींनी शांतपणे त्याला सुताराचे नाव असलेली जागा दाखवली. गाइड म्हणाला, "गुरुजी, पांडव सांगितले की लोक दहा रुपये जास्त देतात." बिचाऱ्याचे पोट त्यावरच होते. गुरुजींनी त्याला वीस रुपये दिले आणि सुताराचे नाव पाठ करून घेतले.

आम्हाला स्वतःला सर्वात आवडते ते बेडसे. पौडहून कोळवण, तिकोना पेठ, पवनानगर असे घाटवाटेने गेले की आपल्याला कामशेतच्या मुख्य रस्त्याची गरज लागत नाही. खाली बस थांबते, पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेदुखीच्या बायांनी चढ चढताना आम्हाला पुष्कळ बोलून घेतले आहे. पण वर खडकाच्या चिंचोळ्या वाटेतून आत शिरले की समोर ते उंच खांब येतात, वर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. सगळ्यांचे तोंड आपोआप बंद होते. तिथे एका लहान स्तूपावर गोभूती नावाच्या भिक्खूचे नाव आहे, अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा. स्तूप त्याच्या शिष्याने केला. आत रंगीत चित्रे होती म्हणतात. १८६१ च्या सुमारास साहेब बघायला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणी स्वच्छ करायला लावून वर रंग फासला, आणि चित्रे गेली. पाहुण्यांसाठी घर सारवावे तसे! अज्ञानाने केले, वाईट हेतू नव्हता, पण गेले ते गेलेच. आणि आज कोळशाने, चाकूने बदाम काढून नावे कोरणाऱ्यांना तर अज्ञानही म्हणता येत नाही. आमच्यातल्याच एका पोराने एकदा खडू काढला होता. त्याला भन्तेजींनी रागावले नाही, ओल्या फडक्याने पुसायला लावले. आज तोच पोरगा समितीत आहे.

दमदार पोरे तैलबैल्यावरून वाघजाई घाटाने उतरून ठाणाळ्याची लेणीही बघून आली. तेवीस लेणी आहेत, नाडसूरच्या जंगलात. १८९१ साली हेन्री कझिन्सने त्यांच्यावर पुस्तक लिहिले. कोकणातल्या बंदरांकडून घाटावर येणारे व्यापारी आणि भिक्खू याच वाटांनी येत. म्हणजे मुळशी हे काही आडरान नव्हते, येण्याजाण्याच्या वाटेवरचे खोरे होते. बाकीच्यांनी हे फोटोतच पाहिले. पोरांच्या पायाची सालटी निघाली होती, त्याचेही फोटो आहेत.

आता जे लिहायला सांगितले नव्हते ते लिहितो. १९५६ नंतर आपल्या वस्तीत पहिली बुद्धवंदना झाली ती विहारात नव्हे, कारण विहार नव्हता. ती झाली वस्तीच्या टोकाला असलेल्या एका मातीच्या घराच्या पडवीत. कुडाची भिंत, कौले, आत एक कोनाडा. त्या कोनाड्यात बाबासाहेबांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो लावला होता, असे जुनी माणसे सांगतात. बरीच वर्षे विहाराचे सगळे कार्यक्रम तिथेच व्हायचे. आज घराची मागची भिंत खचली आहे. मुळशीत जमिनीचे भाव कुठे गेलेत ते सर्वांना माहीत आहे, आणि त्या जागेला गिऱ्हाईक आले आहे. घर ज्या कुटुंबाचे आहे ते आपलेच लोक आहेत. पोरांची शिक्षणे आहेत, कर्ज आहे. विकू नका असे त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? आणि विहार समितीतल्या काहींचे म्हणणे असे की पडके घर ठेवून काय करायचे, नवा हॉल बांधू, त्यात फोटो लावू. सभेत यावरून आवाज चढले, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

भिडेवाड्यापुढे तीनदा उभे राहून आम्ही एकच फोटो काढला होता, म्हणून या वेळी उशीर केला नाही. गेल्या महिन्यात त्या कुटुंबाच्या परवानगीने घराची मापे घेतली. पडवी अठरा फूट बाय सात, कोनाडा जमिनीपासून साडेचार फुटांवर. फोटो काढले, आतून, बाहेरून, कौलांचेही. पहिल्या वंदनेला हजर असलेल्या दोन आजी अजून आहेत, त्यांना पडवीत बसवून कोण कुठे बसले होते ते विचारले. दोघींचे पटले नाही. एक म्हणाली बाया दाराशी होत्या, दुसरी म्हणाली अंगणात. दोन्ही लिहून घेतले आहे. निदान कोनाड्याची भिंत आणि पडवीचे दोन खांब तरी विहाराच्या आवारात आणता येतील का, याचा खर्च एका सुताराला विचारला आहे. त्याचा आकडा अजून आलेला नाही. कुटुंबाने दिवाळीपर्यंत थांबायचे कबूल केले आहे.

पुढच्या सहलीची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहू. या वेळी बस तलावाच्या आधी त्या पडवीपाशी थांबेल. पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा प्रत्येकाने आपापला आणावा.